तळणीची काच आणि कुलाब्याचे दप्तर

सूर्यापासून सर्व दिशांना विद्युद्भारित वायूचा एक अतिवेगवान प्रवाह अखंड वाहत असून पृथ्वीसुद्धा सारी ग्रहमाला त्या प्रवाहात निमग्न आहे, हा सिद्धान्त शिकागो विद्यापीठातील युजीन पार्कर या एकतीस वर्षांच्या शास्त्रज्ञाने १९५८ साली गणिताच्या आधारे मांडला, तेव्हा त्या शास्त्रातील जाणत्या मंडळींनी प्रथम तो हसण्यावारी नेला, आणि पुढे चार वर्षांनी एका अंतराळयानाने प्रत्यक्ष साक्ष आणून दिल्यावर निमूटपणे मान्य केला. सौरवात या नावाने आज शाळकरी मुलांनाही परिचित असलेला हा सिद्धान्त इतक्या उशिरा जन्मास यावा याचे मला फार दिवसांपासून नवल वाटत आले आहे. कारण त्याला लागणारा पुष्कळसा पुरावा एकोणिसाव्या शतकातच जमा झालेला होता, आणि त्या पुराव्यातील दोन फार मोलाचे दाखले आपल्याच मुलखातले होते. एक वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील तळणी येथे, छायाचित्राच्या काचेवर उमटला. दुसरा मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत, सावकाराच्या रोजकीर्दीइतक्या नेमाने, तासातासाला लिहिला गेला. हे दोन दाखले एकाच टेबलावर शेजारी शेजारी मांडण्याचा योग आला असता तर काय झाले असते, हा प्रश्न निव्वळ कल्पनाविलास नव्हे असे मला वाटते, आणि म्हणून त्याची थोडी विस्ताराने चिकित्सा करण्याचे योजिले आहे.

आमचे वलगाव हे अमरावतीच्या वायव्येस, परतवाड्याच्या वाटेवरील पेढी नदीकाठचे गाव. महाराष्ट्रास ते ठाऊक आहे ते मुख्यतः २० डिसेंबर १९५६ रोजी श्रीसंत गाडगेबाबांनी येथे देह ठेवला म्हणून. येथून निघून अमरावती ओलांडावी, बडनेऱ्यास नागपूरकडे जाणारी गाडी धरावी, आणि चांदूर व धामणगाव मागे टाकून वर्धा नदीच्या रोखाने पुढे जावे, की पुलगावच्या अलीकडे तळणीचे लहानसे स्टेशन लागते. आम्हा वलगावकरांपैकी कितीतरी जण त्या स्टेशनावरून आयुष्यात अनेकदा गेले असतील. पण सूर्याच्या अभ्यासाच्या इतिहासात या नावाला स्थान आहे हे सांगणारी एक ओळही आमच्या शालेय पुस्तकांत कधी आली नाही. वऱ्हाडाच्या बाबतीत असे व्हावयाचेच, असे म्हणावेसे वाटते. लोणारचे सरोवर उल्कापाताने निर्माण झाले ही गोष्ट निर्विवाद सिद्ध होण्यास १९७३ साल उजाडावे लागले, तोवर ते ज्वालामुखीचे मुख म्हणूनच पुष्कळ ग्रंथांतून नांदत होते.

ज्या काळाची ही कथा आहे त्या काळी वऱ्हाड निजामाच्या मालकीचे आणि इंग्रजांच्या अमलाखालचे, अशा दुहेरी अवस्थेत होते. तैनाती फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली झालेला होता, आणि सरकारी कागदोपत्री त्यास 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असे लांबलचक नाव होते. कापसाच्या ओढीने ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची आगगाडी वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपुरास पोचली होती. १८९६-९७ च्या दुष्काळाने कास्तकार पार खंगलेला. मुंबई-पुण्यात प्लेगाने थैमान मांडलेले. लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात. आणि अशा वातावरणात १८९७ च्या डिसेंबराच्या अखेरीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस भरलेले. त्या अधिवेशनाचा मांडव उतरून महिनाही झाला नसेल तोच, शके १८१९ च्या पौष अमावास्येस, म्हणजे २२ जानेवारी १८९८ रोजी, चंद्राची सावली कोकणकिनाऱ्यावर चढून महाराष्ट्र, वऱ्हाड आणि मध्य प्रांत तिरपे ओलांडीत गंगेच्या खोऱ्याकडे निघून गेली.

या खग्रास ग्रहणासाठी जगातील नामांकित ज्योतिर्विद हिंदुस्थानात लोटले होते. विजयदुर्गास नॉर्मन लॉकियर. जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल. पुलगावास न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स. शहडोलला खुद्द राजज्योतिषी क्रिस्टी. वलगाव हे सावलीच्या मध्यरेषेच्या वायव्येस पडले, तळणी मात्र तिच्या वाटेतच होती, आणि तेथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी मंडळींच्या संस्थेने आपला तळ ठोकला. त्या तळावर ग्रीनिच वेधशाळेतील एडवर्ड वॉल्टर मॉंडर, त्यांच्या पत्नी ॲनी मॉंडर आणि जॉन एव्हरशेड आदी मंडळी होती. जानेवारीचा तो सुमार म्हणजे वऱ्हाडात कापसाच्या वेचणीचा. ग्रहणाचे वेध पाळणारी, ग्रहण लागताच तुळशीपत्र शोधणारी आणि मोक्षाच्या वेळी दान देणारी आमची माणसे एका बाजूस, आणि दोनच मिनिटांच्या अंधारासाठी सहा हजार मैलांचा प्रवास करून आलेली ही मंडळी दुसऱ्या बाजूस. त्या दिवशी दोहोंच्याही माथ्यावर आकाश निरभ्र राहिले.

ॲनी मॉंडर यांच्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. आयर्लंडातील स्ट्रबेन गावी १८६८ साली जन्मलेल्या या बाईंनी केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणिताचा अभ्यास करून १८८९ साली परीक्षेत मानाचे स्थान मिळविले. परंतु त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे स्त्री असल्याकारणाने त्यांस पदवी मिळाली नाही. पुढे १८९१ साली ग्रीनिच वेधशाळेत दरमहा चार पौंडांच्या तुटपुंज्या तनख्यावर गणक म्हणून त्यांची नेमणूक झाली. सूर्याची दररोज घेतलेली छायाचित्रे तपासावयाची, त्यांवरील डागांची जागा व क्षेत्रफळ मोजावयाचे आणि ते आकडे तक्त्यांत भरावयाचे, हे त्यांचे काम. त्याच विभागाचे प्रमुख असलेल्या मॉंडर यांच्याशी १८९५ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला, आणि विवाहित स्त्रीने सरकारी चाकरीत राहू नये या नियमान्वये त्यांना ती चाकरी सोडावी लागली. तळणीस त्या आल्या त्या कोणत्याही हुद्द्यावाचून. बरोबर मात्र गर्टन कॉलेजाकडून संशोधनासाठी मिळालेल्या रकमेतून सिद्ध करविलेला एक छोटा कॅमेरा होता, ज्याच्या भिंगाचा व्यास अवघा दीड इंच होता.

त्याच दिवशी जेऊरच्या तळावर कॅम्पबेल यांनी चाळीस फूट लांबीचा कॅमेरा रोखलेला होता हे ध्यानात घेतले म्हणजे दीड इंचाच्या भिंगाचे धाडस कळून येते. परंतु यात केवळ धाडस नव्हते, विचार होता. लांब नाभ्यंतराचे भिंग सूर्याची प्रतिमा मोठी देते, सूर्याभोवतीच्या तेजोवलयाचा, म्हणजे किरीटाचा (कोरोनाचा), आतला, तेजस्वी भाग बारकाव्यानिशी दाखविते. पण तेवढाच प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरल्यामुळे बाहेरच्या अंगाचे क्षीण तेज काचेवर उमटतच नाही. आखूड नाभ्यंतराचे भिंग प्रतिमा लहान देते, पण ती दाट देते, आणि एकाच काचेवर आकाशाचा विस्तीर्ण पट्टा घेते. किरीट बाहेर कोठवर जातो हे ज्यास पाहावयाचे त्यास दुसरेच साधन हवे, हे ॲनीबाईंनी ओळखले होते. ती काच धुऊन पाहिली तेव्हा काळवंडलेल्या सूर्यबिंबापासून निघून सरळ बाहेर गेलेला एक बारीक, लांबच लांब किरण तीवर दिसला, आणि त्याची लांबी मोजता ती सुमारे साठ लक्ष मैल, म्हणजे सूर्याच्या व्यासाच्या जवळजवळ सातपट भरली. एवढा लांब किरण तोवर कोणीही छायाचित्रात पकडलेला नव्हता. या ग्रहणाचा वृत्तान्त मॉंडर यांनी संपादित केलेल्या 'द इंडियन एक्लिप्स १८९८' या ग्रंथात दुसऱ्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

आता या किरणाचे महत्त्व काय, हे समजण्यासाठी सहा वर्षे मागे जावे लागते. पृथ्वीवरील चुंबकसूची अधूनमधून एकाएकी थरथरू लागते, तारायंत्रे आपोआप खडखडतात, ध्रुवप्रदेशात आकाश पेटल्यासारखे दिसते, आणि अशी चुंबकी वादळे सूर्यावर डाग वाढले की वाढतात, ही गोष्ट १८५२ पासून ज्ञात होती. परंतु लॉर्ड केल्विन यांनी १८९२ च्या नोव्हेंबरात रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपीठावरून हिशेब मांडला, की जून १८८५ मधील एका वादळासारखा परिणाम जर सूर्याने आपल्या चुंबकत्वाच्या लहरी दशदिशांना पाठवून घडविला असेल, तर त्या आठ तासांत सूर्यास चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाइतके कार्य करावे लागले असेल. जे अशक्य, ते खरे नव्हे. सबब सौरडाग व चुंबकी वादळे यांचा संबंध हा केवळ योगायोग समजावा. हिशेबात चूक नव्हती. गृहीतकात होती, आणि ते गृहीतक 'दशदिशांना' या एका शब्दात दडलेले होते. पण केल्विनसारख्या पुरुषाचा शब्द म्हणजे त्या काळी न्यायाधीशाचा निकालच. त्यावर अपील करण्यास फारसे कोणी धजेना.

ते अपील १९०४ साली मॉंडर यांनी गुदरले. ग्रीनिचच्या दप्तरातील अनेक वर्षांची वादळे आणि सूर्याची परिभ्रमणे एकमेकांशी ताडून पाहता त्यांस असे आढळले, की वादळे सुमारे सत्तावीस दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा येतात. आणि पृथ्वीवरून पाहता सूर्याचा एक फेरा पुरा होण्यास लागणारा काळही तितकाच. याचा अर्थ उघड होता. सूर्यावरील एखाद्या मर्यादित जागेतून काही तरी एका मर्यादित दिशेने निघते, सूर्याबरोबर फिरत राहते, आणि पृथ्वी त्याच्या मार्गात आली की तिला धडकते. मोटेचे पाणी साऱ्या शिवारावर उधळावयाचे म्हटले तर विहीर आटेल, पण तेच पाटाने एका वाफ्याकडे वळविले तर एक मोटही पुरते. मॉंडर यांच्या या एका निरीक्षणाने केल्विनचा अशक्यतेचा सिद्धान्त पायापासून ढासळला. आणि असा पाट खरोखर आहे काय, असे कोणी विचारले असते तर उत्तरादाखल पुढे ठेवण्यास तळणीची काच होतीच. ग्रहणकाळी दिसणारे हे लांब सरळ किरण आणि वादळांना कारणीभूत होणारे प्रवाह यांची सांगड मॉंडर दांपत्याने घातलीही. परंतु त्या प्रवाहात काय वाहते आणि त्याला सूर्याच्या प्रचंड आकर्षणाविरुद्ध बाहेर कोण लोटते, हा प्रश्न त्यांच्यापाशी अनुत्तरित राहिला, आणि तेथेच धागा तुटला.

कुलाब्याकडे वळू. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली जहाजांच्या घड्याळांसाठी व आकाशनिरीक्षणासाठी उभारलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून प्राध्यापक ऑर्लिबर यांच्या देखरेखीखाली पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद सुरू झाली, आणि त्यांच्या हाताखाली विशीच्याही आतला एक मराठी तरुण साहाय्यक म्हणून दाखल झाला. ते केरो लक्ष्मण छत्रे, ज्यांस पुढे सारा महाराष्ट्र केरूनाना म्हणून ओळखू लागला. अलिबागजवळच्या नागाव येथे १८२५ साली जन्मलेले केरूनाना पुढे पुण्यास गणिताचे प्राध्यापक झाले, लोकमान्यांचे गुरू झाले, १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' त्यांनी प्रसिद्ध केली, आणि सूर्यावरील डाग व पर्जन्यमान यांचा संबंध शोधण्यात त्यांनी आपली बुद्धी खर्चिली. म्हणजे चुंबकसूचीचे डोलणे ज्याने तरुणपणी रात्र-रात्र जागून टिपले, त्यानेच उतारवयात सूर्याचे डाग मोजले. साखळीची दोन्ही टोके एका मराठी माणसाच्या हाती होती. त्यांनी ती एकमेकांस जोडावयास हवी होती असा आरोप करणे अन्यायाचे होईल. दुष्काळाच्या देशात डागांचा संबंध पावसाशीच आधी शोधला जाणार, चुंबकाशी नव्हे, आणि १८८४ साली केरूनाना निवर्तले तेव्हा मॉंडर यांचे सत्तावीस दिवस अद्याप वीस वर्षे दूर होते. तथापि त्या दप्तरात जे होते ते त्यांच्या पिढीतील सर्व जगास पाहावयास मिळाले असते तर किती बरे झाले असते, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

त्या दप्तरात काय होते? १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन डागांचे चित्र काढीत असता त्यास सूर्यावर दोन शुभ्र ज्वाला क्षणभर झळकून गेलेल्या दिसल्या, आणि साडेसतरा तासांच्या सुमाराने आजवर नोंदलेले सर्वांत प्रखर चुंबकी वादळ पृथ्वीवर कोसळले. युरोपातील कित्येक यंत्रांचे आलेख कागदाच्या मर्यादेबाहेर निघून गेले. कुलाब्यास मात्र २ सप्टेंबरच्या दिवसा, दुर्बिणीतून चुंबकाचे स्थान डोळ्यांनी वाचून ते हाताने लिहून ठेवणाऱ्या साहाय्यकांनी ती सारी उलथापालथ कलमबंद केली: चुंबकत्वाचा क्षैतिज घटक सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांनी, म्हणजे एकूण मानाच्या चार टक्क्यांच्या आसपास, एकदम खाली कोसळला आणि मग सावरला. आता साडेसतरा तास आणि सूर्याचे पंधरा कोटी किलोमीटर अंतर यांचा साधा भागाकार करावा. दर सेकंदास तेवीसशे किलोमीटरांहून अधिक वेग येतो. प्रकाशापेक्षा सुमारे सव्वाशे पट मंद, पण तोफेच्या गोळ्यापेक्षा हजारो पट वेगवान असे काही तरी सूर्याहून पृथ्वीपर्यंत आले, हे सांगण्यास या भागाकारापलीकडे दुसऱ्या कोणत्याही विद्येची गरज नव्हती.

अशा वादळांच्या नोंदींत आणखी एक खूण वारंवार दिसते, आणि ती मला अतिशय बोलकी वाटते. विषुववृत्ताच्या जवळच्या वेधशाळांत क्षैतिज घटक आधी काही मिनिटांत एकदम वर उडी घेतो, काही तास वरच राहतो, आणि मग दीर्घ काळ खाली उतरत जातो. ती पहिली उडी म्हणजे सौरवाताचा झोत पृथ्वीच्या चुंबकी कवचावर आदळून ते कवच आत दाबले गेल्याची निशाणी होय, हे आज आपणांस कळते. कुलाब्याच्या वह्यांत असल्या उड्या वर्षानुवर्षे लिहिल्या गेल्या. १८७२ पासून तर फोटोच्या कागदावर त्यांचे अखंड आलेख येऊ लागले. त्याच १८७२ च्या फेब्रुवारीत मुंबईहून ध्रुवप्रकाश दिसल्याची वार्ता वर्तमानपत्रांत आली होती, इतके ते वादळ प्रचंड होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या प्रवाहाने सूच्या बिघडणार हे दिसू लागताच वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ साली हे कार्य अलिबागेस हलविले, दोन्ही ठिकाणी काही काळ समांतर वाचने घेऊन साखळी तुटू दिली नाही, आणि १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी व त्यांचे विवेचन दोन जाडजूड खंडांत १९१० साली छापून काढले. निष्ठापूर्वक केलेल्या कामाचा इतका सुंदर नमुना आपल्याकडील विज्ञानाच्या इतिहासात मला दुसरा माहीत नाही.

मग अडले कोठे? बाहेर लोटणारे बळ कोणते, या प्रश्नाशी. आणि या प्रश्नाचे उत्तर ज्या एका गोष्टीवर अवलंबून होते ती म्हणजे किरीटाचे तापमान. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे सहा हजार अंश असल्याचे एकोणिसावे शतक सरण्यापूर्वीच मोजले गेले होते. मॅक्सवेलने वायूचे नियम दिलेले होते. न्यूटनचे गुरुत्वाकर्षण तर दोनशे वर्षांचे जुने. सूर्याच्या आकर्षणाखाली सहा हजार अंशांचा हायड्रोजन वायू किती उंच उभा राहील, हे गणित कोणत्याही चांगल्या कॉलेजातील विद्यार्थ्यास करता आले असते: दर एकशे ऐंशी किलोमीटरांस दाब जवळजवळ एकतृतीयांशावर येतो, आणि दोन हजार किलोमीटरांवर वायू नामशेष होतो. परंतु किरीट तर डोळ्यांदेखत लाखो किलोमीटर पसरलेला, आणि तळणीच्या काचेवर जवळजवळ एक कोटी किलोमीटर! म्हणजे एक तर किरीट वायूचा नाही, किंवा त्याचे तापमान दशलक्ष अंशांच्या घरात आहे. विद्वानांनी पहिला पर्याय स्वीकारला. किरीट धुळीचा आहे, विजेचा आहे, प्रकाशाच्या दाबाने तरंगणाऱ्या कणांचा आहे, अशा एक ना दोन उपपत्ती निघाल्या. थंड पृष्ठभागावर त्याहून शेकडोपट तप्त वातावरण असेल हे मानण्यास कोणाचेही मन धजले नाही, आणि त्यांस दोष तरी कसा द्यावा? ती उष्णता तेथवर नेमकी कशी पोचते याची संपूर्ण उकल आजही झालेली नाही.

किरीटाच्या वर्णपटात १८६९ साली आढळलेली हिरवी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून 'कोरोनियम' नावाचे एक काल्पनिक द्रव्य सत्तर वर्षे पाळण्यात आले. ती रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे हे ग्रोट्रियन व एडलेन यांनी १९४० च्या आगेमागे दाखविले, तेव्हाच किरीटाची प्रखर उष्णता सर्वमान्य झाली. तळणीच्याच तळावर एव्हरशेड यांनी घेतलेल्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषांची मालिका जेथे संपते त्यापलीकडे जंबूपार प्रकाशाचा एक सलग पट्टा प्रथमच नोंदला गेला होता. मोकळे इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या केंद्राशी पुन्हा जोडले जाताना तो निघतो, हे बोर यांच्या अणुसिद्धान्तानंतर, म्हणजे १९१३ नंतर समजले. सूर्याच्या वातावरणात फुटलेले अणू आहेत याची ती सहीशिक्क्यानिशी साक्ष होती. हे एव्हरशेड पुढे १९०७ साली कोडईकनालच्या वेधशाळेत आले आणि तेथे त्यांनी मोठे नाव कमाविले. एकाच तळावर, दोन मिनिटांच्या एकाच अंधारात, त्या प्रवाहाचा आकार आणि त्या वायूच्या स्वरूपाचा मागमूस या दोन्ही गोष्टी काचेवर उतराव्यात, आणि तरीही त्यांची गाठ पडू नये, हे पाहून मन हळहळते.

मधल्या अर्धशतकाचा वृत्तान्त थोडक्यात आटोपता येईल. नॉर्वेच्या बिर्कलंड यांनी सूर्याहून विद्युत्कण येतात असे प्रतिपादन केले. शूस्टर यांनी १९११ साली आक्षेप घेतला की एकाच जातीच्या विद्युद्भाराचे कण परस्परांस दूर लोटून वाटेतच पांगतील. लिंडेमन यांनी १९१९ साली धन व ऋण असे दोन्ही कण सम प्रमाणात असावेत असे सुचवून तो आक्षेप दूर केला. चॅपमन व फेरारो यांनी १९३० नंतर अशा झोताचा पृथ्वीच्या चुंबकत्वाशी होणारा संघर्ष गणिताने तपासला. आणि १९५१ साली बीरमान यांनी धूमकेतूंची पुच्छे सूर्याच्या नेहमी विरुद्ध दिशेस का उडतात याचा विचार करून हा झोत क्षणिक नसून सदोदित वाहत असला पाहिजे असा निष्कर्ष काढला. पार्कर यांचे कर्तृत्व असे की त्यांनी प्रश्न उलटा करून विचारला. दशलक्ष अंशांचा किरीट जागच्या जागी स्थिर राहील काय? गणित सांगते की राहणार नाही. दूर अंतराळात त्याचा जो दाब उरतो तो आवरून धरण्यास तेथे काहीच नाही. सबब त्याने वाहिलेच पाहिजे, आणि वाहता वाहता ध्वनीच्या वेगाची मर्यादा ओलांडून शेकडो किलोमीटर प्रतिसेकंद गाठलेच पाहिजे. हे गणित चार पानांत मावते, आणि त्यातील एकही समीकरण असे नाही की जे १८९८ साली ज्ञात नव्हते. दोन परीक्षकांनी निबंध नाकारला. तेव्हा 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल'चे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी, स्वतःस ती कल्पना रुचलेली नसतानाही, परीक्षकांना गणितात चूक दाखविता आली नाही एवढ्याच न्यायबुद्धीने तो छापला. १९६२ साली मरिनर-२ यानाने शुक्राच्या वाटेवर तो वारा प्रत्यक्ष मोजला.

माझे मत विचाराल तर पार्कर यांचा संपूर्ण सिद्धान्त १९०५ साली सिद्ध होणे शक्य नव्हते. परंतु त्याचा अर्धा भाग, म्हणजे सूर्यापासून द्रव्याचे वेगवान प्रवाह निघून पृथ्वीवर आदळतात आणि त्यांचा वेग अमुक आहे, हे तेव्हाच प्रस्थापित होऊ शकले असते, आणि मेघनाद साहांनी १९२० साली तप्त वायूतील अणू कसे फुटतात याचे गणित दिल्यावर उरलेला अर्धा भाग फार तर दहा-पंधरा वर्षांत आला असता. पाव शतक तरी वाचले असते. ते वाचले नाही याची कारणे निसर्गात कमी आणि मनुष्याच्या व्यवस्थेत अधिक आहेत. कुलाब्याचे दप्तर मुंबईस, ग्रहणाच्या काचा लंडनास, आणि किरीटाचे वर्णपट आणखी तिसऱ्याच खात्यात. प्रत्येक खाते आपले आकडे चोख ठेवी, पण दुसऱ्याची बारनिशी उघडून पाहण्याचा अधिकार वा अवकाश कोणाजवळ नव्हता. मूस यांच्यासारख्या कर्तबगार पुरुषाकडून सरकारची अपेक्षा एवढीच, की होकायंत्रे सुधारण्यास लागणारी माने वेळच्या वेळी छापून यावीत. आणि ज्या बाईने सर्वांत लांब किरण पकडला, जिला सौरडाग व सूर्यकिरीट दोन्ही मुखोद्गत होते, तिला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने सभासद म्हणून स्वीकारले ते १९१६ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. तोवर तिचे म्हणणे त्या सभेत जावयाचे ते बहुधा पतीच्या निबंधांतून. ज्ञानाचा एवढा मोठा खोळंबा एखाद्या गणिताच्या अवघडपणामुळे झाला असता तर मी तो शांतपणे सोसला असता. तो माणसांच्या मांडणीमुळे झाला, याचा मला खेद होतो.

२४ डिसेंबर २०२४ रोजी पार्कर यांच्याच नावाचे यान सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे एकसष्ट लक्ष किलोमीटरांवरून गेले. तळणीच्या किरणाची लांबी किलोमीटरांत सत्त्याण्णव लक्षांच्या आसपास भरते. म्हणजे ज्या अंतरापर्यंत ॲनी मॉंडर यांच्या दीड इंची भिंगाची नजर पोचली होती, त्याच्याही आत मनुष्याचे यंत्र आता शिरले आहे. आपल्या देशाचे आदित्य-एल१ यानही २ सप्टेंबर २०२३ रोजी निघून सौरवात व किरीट या दोहोंचे वेध घेत आहे. आणि कुलाब्याच्या त्या जुन्या वह्यांचे काम अद्याप संपलेले नाही. १८५९ च्या वादळाची तेथील वाचने शोधून, त्यांवरून त्या वादळाची तीव्रता ठरविणारा निबंध ब्रूस त्सुरुतानी व भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञ यांनी २००३ साली प्रसिद्ध केला, म्हणजे ती वाचने लिहिली गेल्यावर एकशे चव्वेचाळीस वर्षांनी. त्यानंतर १८७२ च्या वादळाच्या नोंदीही अभ्यासकांनी त्याच दप्तरातून बाहेर काढल्या. अलिबागेची वेधशाळा आजही चालू आहे, आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या पावणेदोनशे वर्षांच्या नोंदींतील पुष्कळ पाने संगणकावर उतरविण्याचे व तपासण्याचे काम भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडून होत आहे.